बोटीवर आधी रंगवलेला पत्ता

अक्षरं मी शाळेत शिकले नाही. शाळेत गेले तेव्हा ती मला आधीच येत होती. पावसाळ्यात मासेमारी बंद असते, बोटी किनाऱ्यावर वर ओढून ठेवलेल्या असतात, आणि त्यांच्या नाळीवर, म्हणजे पुढच्या टोकाला, दोन्ही अंगांनी नावं रंगवलेली असतात. आय मला कडेवर घेऊन त्या नावांपुढून चालायची. ‘ज’ हा ‘जलराणी’चा. ‘ध’ हा ‘धनदेवी’चा. बोटाने गिरवायला लावायची, आणि रंग ओला असला तर हातावर फटका. आयची शाळा दुसरीतच सुटली होती. तिलाही अक्षरं अशीच आली होती. आमच्या घरात एकही पुस्तक नव्हतं तेव्हाही वाचणारी दोन माणसं होती.

मी घरातली पहिली पदवीधर. हे मी कुठेही सांगते आणि त्यात मला संकोच वाटत नाही. पालघरच्या कॉलेजातून बी.एस्सी. आयटी केलं. कॉलेजात जाताना माझ्या दप्तराला सुकटीचा वास यायचा, आणि तो घालवायचा मी कधी प्रयत्न केला नाही. आता बोईसरला एका लहानशा कंपनीत नोकरी करते. तारापूरच्या कारखान्यांचं ईमेल, वेबसाइट, इंटरनेट आम्ही सांभाळतो. सकाळपासून फोन सुरू होतात, “मॅडम, मेल नहीं आ रहा,” आणि मी कोणत्या कारखान्याचा आवाज आहे ते ओळखून उत्तर देते.

गावात माझ्या नोकरीबद्दल फारसं कौतुक नव्हतं. शेजारची काकी तर तोंडावर विचारायची. काकी म्हणजे नात्याची नाही, पण आयच्या बरोबरीने मासळी सुकवण्यात आयुष्य गेलेली, किनाऱ्यावर जिचा आवाज सगळ्यात लांब जातो अशी बाई.

“काय गो, दिवसभर खुर्चीवर बसून तू नक्की काय करतंस?”

“काकी, लोकांच्या वेबसाइट चालवते.”

“चालवतंस मंजे? ढकलायला लागतात?”

आय, काकी आणि वाड्यातल्या, म्हणजे आमच्या वस्तीतल्या, आणखी काही बायकांचा बचत गट आहे. बोंबील, जवळा, करंदी सुकवून विकतात. पालघरच्या बाजारात बसतात, सफाळ्याला बसतात. कारखान्यांत नोकरीसाठी आलेली घाटावरची कुटुंबं बेटेगावच्या बाजूला राहतात, त्यांच्यातही गटाचं गिऱ्हाईक आहे. त्या घरांतल्या बायका एकदा घेऊन गेल्या की पुन्हा विचारतात, तुमचा काही नंबर, पत्ता आहे का, मोबाइलवर मिळतं का. म्हणून मी म्हटलं, गटाची वेबसाइट करू. भाव, फोटो, कधी कुठे बसणार, सगळं त्यावर.

गटाचं नाव आयनेच ठेवलं होतं, ‘खारावारा’. तिचं म्हणणं, “आमची मासळी काय पंख्याखाली सुकत नाय. खाऱ्या वाऱ्यावर सुकते. तेच नाव.” मी वेबसाइटचा पत्ता इंग्रजी अक्षरांत तयार केला आणि कागदावर लिहून तिला दाखवला. तिने कागद सरळ धरला, लांब धरला, मग माझ्याकडे परत दिला.

“हे काय हाय?”

“आपलं नाव. खारावारा.”

“मला वाचता येत नाय ते माझं नाव कसं?”

 हा प्रश्न मला आवडला, कारण उत्तर शोधायचं शिक्षणच मी घेतलेलं होतं. देवनागरीत पत्ता घेता येतो हे मला माहीत होतं. शेवटी ‘डॉट कॉम’ऐवजी ‘डॉट भारत’, तोही मराठी अक्षरांत. पण मी स्वतः तसा एकही चालवलेला नव्हता, आमच्या ऑफिसात कुणीच चालवलेला नव्हता. मी आयला म्हटलं, “खारावारा.भारत असं करू. पण थांब. अजून नोंदणी व्हायची आहे, मग सर्व्हर लावायचे आहेत, मग चालेल.”

ती म्हणाली, “बरं.”

तिचं ‘बरं’ मी नीट ओळखायला हवं होतं.

आमच्यात बोट बांधायला घेतली की तिचं नाव लाकूड कच्चं असतानाच ठरतं. कागदपत्रं, नोंदणी, नंबर हे सगळं मागाहून येतं. पण नाव रंगवल्याशिवाय काही पाण्यात जात नाही. आणि एकदा रंगवलेलं नाव पुसत नाहीत. बोट मोडीत काढली तरच ते खरवडायचं. पावसाळ्याची बंदी संपत आली होती, पेंटर किनाऱ्यावर बोटींना नवा रंग देत होता. पुढच्या रविवारी मी चहा घेऊन तिकडे गेले, तर काकीच्या बोटीच्या मागच्या फळीवर पिवळ्या रंगात, लाल सावली देऊन, ठसठशीत लिहिलेलं: खारावारा.भारत. शेजारच्या बोटीवर तेच. तिच्या पलीकडच्या बोटीवरही तेच. गटातल्या घरांच्या सगळ्या बोटी.

“आय, हे काय केलंस?”

“नाव टाकलं.”

“अगं, ते अजून चालत नाही.”

“मंग चालव. नाव तर झालं ना आधी? आता पाण्यात घाल.”

तिच्या दृष्टीने तिने कामाची सुरुवात बरोबर केली होती. अडचण माझी होती. नारळी पौर्णिमेला नारळ सोडून बोटी पाण्यात जाणार. तोवर तो पत्ता उघडला नाही तर काय, ते काकीने तिथेच, पेंटरसमोर, माझ्या आयला सांगून टाकलं.

“हे बघ बाय. माझी बोट खोटं नाव घेऊन समिंदरात जानार नाय. पुनवेला ते मोबाइलवर दिसलं तर ठीक. नाय दिसलं तर तू पत्रा घेऊन यायचं आनि सगळ्यांच्या बोटींवरनं ते खरवडायचं. तू. पेंटर नाय.”

आय म्हणाली, “येन. पन लागनार नाय.”

आणि माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. एवढा विश्वास होता. कुणाच्या बोटीवरचं अक्षर खरवडायला जाणं ही आमच्याकडे लहान गोष्ट नाही. सगळ्या वाड्यासमोर, सणाच्या दिवशी, अक्षरं शिकवणाऱ्या बाईने अक्षरं खरवडायची. ते मी होऊ देणार नव्हते.

सोमवारी ऑफिसात साहेबांना सांगितलं. आमचे साहेब मूळचे साताऱ्याकडचे, स्वभावाने भले, बोलायला तिरके. पत्ता मराठीत घ्यायला त्यांची ना नव्हती. अडले ते नेमसर्व्हरच्या नावांवर.

नेमसर्व्हर म्हणजे काय ते इथे सांगते, साधंच आहे. आमच्या धक्क्यावर परगावचा माणूस येतो आणि अमक्याची बोट कुठे लागते म्हणून विचारतो. टोपलीशी बसलेली बाई मान न वळवता सांगते, त्या तिकडे, निळ्या बोटीच्या पलीकडे. ती नसली तर शेजारची सांगते. इंटरनेटवर पत्ता टाकला की असंच आधी कुणाला तरी विचारलं जातं, हे घर नक्की कुठे आहे? ते सांगायला बसलेलं यंत्र म्हणजे नेमसर्व्हर. ती निदान दोन ठेवायची असतात, एक बंद पडलं तर दुसऱ्याने सांगावं म्हणून. आमचं एक बोईसरच्या ऑफिसात होतं, दुसरं पुण्यात भाड्याने घेतलेलं. या यंत्रांनाही नावं द्यावी लागतात. जगभर लोक ‘एनएस वन’, ‘एनएस टू’ अशी ठेवतात. मी कागदावर लिहून साहेबांपुढे ठेवली होती: ‘आय.खारावारा.भारत’ आणि ‘काकी.खारावारा.भारत’.

साहेबांनी चष्मा वर केला. “अगं बाई, पत्ता मराठीत घे, पण सर्व्हरचं नाव मराठीत कशाला? ते बघतंय कोण?”

“बोटीचं इंजिनही कुणी बघत नाही, साहेब. तरी आम्ही त्याला हळद-कुंकू लावतो.”

“आणि काकी कोण?”

“जी मला विचारते मी दिवसभर काय करते.”

ते हसले. “ठेव मग. पण अडलं तर माझ्याकडे रडत येऊ नको.”

अडलंच. पत्त्याची नोंदणी झाली. मग ज्या कंपनीकडून तो घेतला तिच्या वेबसाइटवर नेमसर्व्हरची नावं भरायची होती. मी ‘आय.खारावारा.भारत’ टाकलं. खाली लाल अक्षरांत ओळ आली की या नावात अवैध अक्षरं आहेत.

ती ओळ मी पुन्हा वाचली. चूक म्हणाले असते तर मी मान्य केलं असतं. पण अवैध? ज्या अक्षरांवर दोन पिढ्या वाचायला शिकल्या, ती? मी त्यांच्या मदत केंद्राला फोन लावला. पलीकडचा मुलगा अगदी गोड बोलत होता.

“मॅडम, इंग्लिश में डालिए ना. सब लोग इंग्लिश में ही डालते हैं.”

“आपने ही तो मराठी में डोमेन बेचा है.”

“डोमेन मराठी में है मॅडम, सर्व्हर इंग्लिश में होता है.”

“क्यों?”

तो म्हणाला, “मॅडम, होता है.”

‘होता है’ हे उत्तर मी कॉलेजात कधी लिहिलं नव्हतं, आता ऐकून घेणार नव्हते. डब्यानंतरच्या सुट्टीत वाचत बसायला लागले. कारण सापडलं आणि ते समजण्यासारखं होतं. ही सगळी व्यवस्था उभारली गेली तेव्हा इंग्रजी अक्षरं, आकडे आणि आडवी रेघ, एवढंच धरून उभारली. आता साऱ्या जगाची यंत्रं तेवढंच ओळखतात. म्हणून मराठी नावाचं आत एक रूपांतर होतं. एक्स, एन, दोन आडव्या रेघा आणि पुढे इंग्रजी अक्षरांची एक माळ. माणसाला मराठी दिसतं, यंत्राला ती माळ. मी टिंबाटिंबाच्या मधला प्रत्येक शब्द वेगळा रूपांतरित केला, ‘आय’ वेगळा, ‘खारावारा’ वेगळा, ‘भारत’ वेगळा, आणि त्या माळा जोडून त्याच रकान्यात टाकल्या. लाल ओळ आली नाही. घेतलं. साहेबांना ओरडून सांगितलं, आणि मोबाइलवर पत्ता उघडायला गेले.

उघडला नाही. ‘हा पत्ता सापडत नाही.’

दोन्ही सर्व्हर चालू होते. त्यांच्यात मी सगळं भरलेलं होतं, माझ्या हाताने, सुंदर मराठीत. ऑफिसातून मीच त्यांना ‘खारावारा.भारत कुठे?’ म्हणून विचारलं तर बरोबर उत्तर देत होते. बाहेरून कुणी विचारलं की गप्प. आठवडा तसाच गेला. घरी आय काही विचारत नव्हती. काकी मात्र रोज संध्याकाळी ओट्यावरून हाक मारायची, “लागली का गो तुझी बोट पान्याला?”

पौर्णिमा जवळ आली होती. मी आजारी आहे सांगून सुट्टी टाकली आणि सकाळीच किनाऱ्यावर जाऊन बसले. हे कसं सोडवायचं ते सुचत नव्हतं म्हणूनच. पेंटर काकीच्या बोटीचं शेवटचं काम करत होता. नाव आधीच झालेलं, फुलं-वेलीही झालेल्या. आता नाळीवर नावाखाली तो नोंदणीचा नंबर रंगवत होता. तो नंबर इंग्रजी अक्षरांत आणि आकड्यांत असतो. प्रत्येक बोटीला असतो, देशात कुठेही. तटरक्षक दलाचं जहाज वायरलेसवर ‘जलराणी’ म्हणून कधी हाक मारत नाही. ते नंबर विचारतात. कारण जलराण्या किनाऱ्याकिनाऱ्यावर असतील, तो नंबर एकच. आणि गावात कुणीही त्या नंबराने बोटीला ओळखत नाही. बोट एक, दोन ओळखी, आणि दोन्ही तिच्या अंगावरच लिहिलेल्या.

मी लहानपणापासून ते दोन्ही एकत्र बघत आले होते. सर्व्हरवर मात्र मी फक्त नाव रंगवलं होतं.

बाहेरचं जग माझ्या सर्व्हरला नंबराने हाक मारत होतं, म्हणजे त्या इंग्रजी माळेने. सर्व्हरच्या आतल्या फाइलीत मी सगळीकडे मराठी लिहून ठेवलेलं होतं. त्याला आपली हाकच कळत नव्हती. मी ऑफिसातून विचारत होते तेही मराठीतच, म्हणून मला उत्तर मिळत होतं. नोंदणीवाल्यांच्या रकान्यात जी माळ टाकली तीच माळ आत, प्रत्येक ओळीत, टाकायला हवी होती. माणसाने वाचायची टीप मराठीत ठेवायची, यंत्राने हाक ऐकायची ओळ नंबराने.

सुट्टी होती तरी बोईसरची बस पकडली. साहेब म्हणाले, “तू तर आजारी होतीस.”

“बरी झाले.”

दोन्ही सर्व्हरच्या फाइली बदलल्या, नवीन केल्या, पुन्हा सुरू केल्या. साहेबांना म्हटलं, तुमच्या मोबाइलवर उघडा, ऑफिसच्या इंटरनेटवर नको. त्यांनी एका बोटाने, शोधून शोधून, मराठी अक्षरं टाकली. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते, मोबाइलकडे नाही.

साहेब म्हणाले, “हा जवळा काय भाव लावलाय? मला अर्धा किलो पाहिजे.”

मी कागदावर अर्धा किलो जवळा लिहून घेतला.  घरी फोन केला नाही. आयला ऐकवायचं नव्हतं, दाखवायचं होतं.

नारळी पौर्णिमेच्या दिवशी अख्खा वाडा किनाऱ्यावर. बायका नव्या लुगड्यांत, बोटींना हार, पताका, नारळाला सोनेरी कागद. काकीने आल्या आल्या हात पुढे केला. “दाखव.”

मी म्हटलं, “मी नाही. आय दाखवेल.”

आयने काकीचाच मोबाइल घेतला. मी तिला मराठी कीबोर्ड लावून दिला, एवढंच. तिने बोटीच्या फळीकडे बघितलं, मग मोबाइलकडे, मग परत फळीकडे. ‘ख’ शोधला. काना दिला. ज्या बोटाने माझ्याकडून ओल्या रंगाशेजारी अक्षरं गिरवून घेतली होती तेच बोट. गर्दी आपोआप जवळ आली होती. कुणी म्हणालं, “मावशी, रंग सुकेल तोवर,” आणि आयने मान वर न करता त्याला गप्प केलं. ‘त’ टाकला. बटण दाबलं.

उघडलं. वर गटाचं नाव, खाली बांबूच्या दांड्यांवर सुकणारे बोंबील, आणि त्यांच्या मागे पाठमोरी उभी असलेली काकी.

“अगो, ही तर मी,” काकी म्हणाली. मग पान कुणाला तरी पाठवायचं म्हणून तिने स्क्रीनवर बारकाईने बोट फिरवलं. तिच्या मोबाइलवर पान दुसऱ्याला पाठवायला गेलं की पत्ता त्या इंग्रजी माळेत दिसत होता, आणि तिने तेवढं बरोबर पकडलं. “हे काय हाय? इथं तर इंग्रजीच हाय. फसवतंस काय?”

“काकी, तुझ्या बोटीच्या नावाखाली काय लिहिलंय?”

“नंबर.”

“तो वाचता येतो तुला?”

“मला कशाला? तो कोस्टगार्डला.”

“हा पण तसाच. कोस्टगार्डला.”

काकीने नाळीकडे बघितलं, मोबाइलकडे बघितलं, आणि वाद तिथेच संपवला. “मंग ठीक हाय.”

तेवढ्यात साहेबांचा फोन आला. एमआयडीसीत सकाळपासून लाइट गेली होती, यूपीएसही बसला होता, ऑफिसातलं सगळं बंद. “तुझा तो आय सर्व्हर बंद पडलाय. पान दिसतंय का तिकडे?”

मी म्हटलं, “साहेब, आत्ताच उघडलं. पुण्याचा चालू आहे.”

पुण्याचा म्हणजे ‘काकी’. फोन ठेवला तर सगळ्या बायका माझ्याकडेच बघत होत्या, म्हणून मी ते सांगून टाकलं. दोन यंत्रं आहेत, आपला पत्ता कुठे ते सगळ्यांना सांगायला बसवलेली. एकीचं नाव आय. दुसरीचं काकी. आज आय बंद होती, काकीने सांगितलं.

  काकीने पदर खोचला.

“मंजे कुनी अमेरिकेतनं विचारलं, खारावारा कुठं, तर मी सांगनार?”

“तू, नाहीतर आय. जी जागी असेल ती.”

“मंग मीच,” काकी म्हणाली. “तुझी आय दुपारी झोपते.”

आय हसत होती. पत्रा कुणी आणला नव्हता, कुणी मागितलाही नाही. तांडेलाने, बोटीच्या मुख्य खलाशाने, हाक दिली, नारळ पाण्यात सोडला, आणि बोटी एकेक करून ढकलायला सुरुवात झाली. सगळ्यात आधी काकीची. ती पाण्यात वळली तेव्हा मागची फळी आमच्याकडे झाली, पिवळी अक्षरं, लाल सावली. आयने ती मोठ्याने वाचली. मग पुढची बोट वळली, तिच्यावरचीही वाचली, तेच नाव होतं तरी. शेवटची बोट पाण्यात जाईपर्यंत तिने एकही सोडली नाही.